फाँतव्रो : वापरात राहिला म्हणून वाचला

फ्रान्समध्ये लोआर नदीजवळ असलेला फाँतव्रो मठ ११०१ मध्ये स्थापन झाला. स्त्री आणि पुरुष दोन्ही संन्यासी इथे राहत. पण सर्वाधिकार मठाध्यक्ष स्त्रीकडे असे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, राणी एलिनॉर आणि मुलगा पहिला रिचर्ड यांचे दफन इथेच झाले. राज्यक्रांतीत मठ बंद पडला. १८०४ मध्ये नेपोलियनने त्याचा तुरुंग करण्याचा हुकूम काढला. हा तुरुंग १९६३ पर्यंत चालला.

तुरुंगाने मठाची विटंबना केली, हा आक्षेप खोटा नाही. चर्चमध्ये मजले घालून कैद्यांच्या निवासाची सोय केली गेली, त्यासाठी घुमटही पाडले गेले. पण त्याच काळात फ्रान्समधल्याच क्लूनी मठाचे काय झाले, ते पाहावे. एकेकाळी ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे असलेले तिथले चर्च दगडांसाठी विकले गेले. आज त्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. फाँतव्रोच्या भिंती सरकारला उपयोगी होत्या, म्हणून टिकल्या आणि पुढे घुमट पुन्हा उभारता आले. आता इथे सांस्कृतिक केंद्र, हॉटेल आणि २०२१ पासून आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. हॉटेलामुळे पावित्र्य भंगते, असे काहींना वाटेल. मात्र हॉटेल सेंट लाझर या जोड-मठात आहे. मुख्य चर्च आणि राजघराण्याची समाधिशिल्पे सर्वांना पाहता येतात. वास्तूचा इतिहास झाकला जात नसेल, तर नवा वापर हेच तिचे खरे संरक्षण आहे.