राउटर, बिनतारी (घरगुती)

घरातील संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच इ. उपकरणे रेडिओ तरंगांच्या साहाय्याने एकमेकांस व आंतरजालास जोडणारे साधन. ‘राउटर’ या शब्दाचा अर्थ मार्ग ठरविणारा असा आहे. माहितीचे लहान तुकडे (पुडकी) करून प्रत्येकावर पत्ता घालतात व राउटर तो पत्ता वाचून पुडके योग्य त्या उपकरणाकडे पाठवितो. घरगुती पेटीत मार्ग ठरविणारे मंडल, तारा जोडण्याच्या खाचा व रेडिओ प्रेषक-ग्राही अशी तिन्ही साधने एकत्र असतात.

अशा जाळ्यासाठी ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘वाय-फाय’ हे त्याचे प्रचलित व्यापारी नाव होय. भारतात २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील सवलत २०१८ मध्ये बरीच वाढविण्यात आली. त्यामुळे घरगुती वापरासाठी वेगळा रेडिओ परवाना घ्यावा लागत नाही.

निवड : उपकरणाच्या वेष्टनावरील वेगापेक्षा घराची रचना अधिक महत्त्वाची असते. २.४ गिगॅहर्ट्‌झ तरंगांची लांबी सु. १२.५ सेंमी. असून ते भिंतींतून तुलनेने चांगले पार होतात. परंतु या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग (१, ६ व ११) तीनच असल्याने दाट वस्तीत गर्दी होते. ५ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात वेग अधिक मिळतो, पण भिंतीमुळे तरंग लवकर क्षीण होतात. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राउटर श्रेयस्कर ठरतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्याच्या पोफळी गावाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची घरे आढळतात. जाड व सच्छिद्र चिरा पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओली भिंत रेडिओ तरंग अधिक शोषते. अशा घरात राउटर कोपऱ्यातील खोलीत किंवा लोखंडी कपाटामागे न ठेवता मध्यभागी, माणसाच्या उंचीच्या वर ठेवावा. माजघर व पडवी यांत अनेक भिंती असल्यास एकच महागडी पेटी घेण्याऐवजी तारेने जोडलेली दुसरी पेटी बसविणे अधिक उपयुक्त ठरते. आंतरजालाची जोडणी १०० मेगॅबिटपेक्षा वेगवान असेल, तर राउटरच्या तारेच्या खाचा गिगॅबिट क्षमतेच्या आहेत किंवा नाहीत, हेही पाहावे.

कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे भूमिगत वीजगृह पोफळी येथे असून तेथे १९६२ पासून वीजनिर्मिती होत आहे. तथापि वीजगृह जवळ असले, तरी घरात येणारी वीज वितरणवाहिन्यांवर अवलंबून असते व वादळात झाड पडून ती खंडित होऊ शकते. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्ट एकदिश दाबावर चालतात. त्यामुळे लहान घटमाला जोडून ते काही तास चालू ठेवता येतात. मात्र प्रकाशतंतूच्या टोकाची पेटी वेगळी असल्यास तिलाही हा पुरवठा द्यावा लागतो. प्रकाशतंतू काचेचा असल्याने स्वतः विजेचा लोळ वाहून आणीत नाही; धोका असतो तो वीजपुरवठ्याच्या तारेतून. म्हणून गडगडाट सुरू होण्यापूर्वीच राउटरचा प्लग काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

सुरक्षा : रेडिओ तरंग घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत, त्यामुळे कुलूप नसलेले जाळे शेजारी वा वाटसरूही वापरू शकतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बाँबस्फोटांच्या वेळी प्रसारमाध्यमांना आलेल्या ई-पत्राचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरातील जोडणीपर्यंत पोहोचला. ही असुरक्षित बिनतारी जोडणी परभारे वापरली गेल्याचे तपासात दिसून आले. पण तोवर संशयाची पहिली छाया त्या घरावरच पडली होती. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या.

संदेश गुप्त ठेवण्याची पहिली पद्धती, वेप, हिच्यातील दोष २००१ मध्ये उघड झाले. ती आता निरुपयोगी आहे. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ या पद्धती वापरण्याजोग्या आहेत. डब्ल्यूपीए-२ मध्ये जोडणीच्या वेळचे संदेश टिपून घेऊन परवलीचा शब्द सावकाश, दूर बसून शोधता येतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक प्रयत्नासाठी राउटरशीच बोलावे लागते. भ्रमणध्वनी क्रमांक परवलीसाठी घेण्याची सवय घातक आहे. भारतीय क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होत असल्याने शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी उरतात. सेकंदाला एक लाख याप्रमाणे तपासल्यास त्या सर्व सु. ११ तासांत संपतात. परस्परांशी संबंध नसलेले चारपाच शब्द एकत्र केल्यास परवली लक्षात राहते आणि शोधणे फार कठीण होते.

परवलीचे दोन प्रकार वेगळे समजले पाहिजेत : एक जाळ्यात शिरण्याचा व दुसरा राउटरची मांडणी बदलण्याचा. दुसरा बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी आज्ञावलीने अशा न बदललेल्या परवलींच्या आधारे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते. आठ अंकी संकेताने जोडणारी डब्ल्यूपीएस सोयही बंद ठेवावी. तिच्या संकेताचे दोन भाग वेगवेगळे तपासले जात असल्याने व शेवटचा अंक पडताळ्याचा असल्याने दहा कोटींऐवजी केवळ ११,००० प्रयत्न पुरतात, असे २०११ मध्ये दिसून आले. जाळ्याचे नाव लपविल्याने मात्र खरे संरक्षण मिळत नाही. जोडणीच्या वेळी ते उघडपणेच प्रसारित होते.

पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवणे आणि उत्पादकाकडून येणाऱ्या सुधारित आज्ञावली वेळोवेळी भरणे हितावह असते. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मधील एक दोष आढळला, तेव्हा तो अशाच सुधारणांनी दूर करता आला. म्हणून उत्पादक किती वर्षे सुधारणा पुरविणार, हे खरेदीपूर्वी पाहणे किंमत पाहण्याइतकेच आवश्यक आहे. सुधारणा बंद झालेला राउटर चालू स्थितीत असला, तरी सुरक्षेच्या दृष्टीने जीर्णच समजावा.