मुळशीत घर घेताना : गुन्ह्यांचे आकडे कसे वाचावेत?

पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका गेल्या तीन दशकांत ओळखू न येण्याइतका बदलला आहे. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, पिरंगुटच्या परिसरात कारखाने आले आणि भातखाचरांच्या जागी गृहसंकुले दिसू लागली. वस्तीमागोमाग बाजारपेठ येते. दुकान किंवा घर घेण्यासाठी इकडे वळणाऱ्या व्यापारी कुटुंबांपुढे जागेच्या भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो : ही वस्ती सुरक्षित आहे काय?

उत्तर बहुधा ऐकीव असते. प्रवीण तरडे यांच्या २०१८ मधील ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो, हे दाखवले. त्याचा रोख जमिनीच्या व्यवहारांकडे होता. अनेकांच्या ध्यानात मात्र तालुक्याचे नाव राहिले. चित्रपटावरून गावाची परीक्षा करणे योग्य नव्हे, तसेच एकाच आकड्यावरूनही नव्हे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे मोजतो. समजा, वीस हजार वस्तीच्या गावात वर्षाला चाळीस गुन्हे नोंदले गेले, तर दर २०० येतो. पण त्या गावात दररोज आणखी वीस हजार माणसे कामाला येत असतील, तर वावरणाऱ्या माणसांच्या हिशेबाने तो निम्माच ठरतो. हिंजवडीत नेमके हेच घडते. शिवाय गावनिहाय लोकसंख्येचा हाती असलेला आधार २०११ च्या जनगणनेचा आहे. भागाकारातला भाजकच जुना असेल, तर उत्तरावर किती विसंबावे?

दुसरी बाब हद्दीची. पौड पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येते, तर हिंजवडी १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात. म्हणून ‘पुणे शहरा’चे आकडे दोन्हींना लागू पडत नाहीत. जागा पाहताना ती कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, हे आधी विचारावे.

तिसरी बाब नोंदीची. आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. लोक निर्भयपणे तक्रार करू लागले की आकडा वाढतो, आणि ती वाढ चांगलीही असू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबर अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. आपल्या ठाण्याचे काही महिन्यांचे अहवाल वाचले, तर चोऱ्या घरांत होतात की दुकानांत, दिवसा की रात्री, हे कळते. सरासरीपेक्षा हे ज्ञान अधिक उपयोगी.

काही धोके मात्र कोणत्याही दरात दिसत नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या बावीस वर्षांच्या तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. दोषी ठरला तो तिला कामावर नेणाऱ्या गाडीचाच चालक आणि त्याचा साथीदार. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीतील एका कार्यालयात तरुण अभियंतेचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी अटक केली ती तिथल्याच सुरक्षारक्षकाला. ज्यांच्यावर विश्वास टाकला, तिथूनच घात झाला. लेकीसुनांना नोकरीसाठी पाठवणाऱ्या घरांनी गाडीची आणि चालकाची नोंद कोण ठेवतो, हे निःसंकोच विचारावे. दुकानातील नोकर व चौकीदार यांची पोलीस पडताळणी करून घेणे हा अविश्वास नसून रीतीचा भाग आहे. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले असता शेजाऱ्यांना सांगून जावे. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर प्रसिद्ध करावीत. तातडीला ११२ हा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

अखेर एक बाब व्यापाऱ्याच्या स्वतःच्या हातातली आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, हा एक आहे. कारखान्यातून गेलेली तांब्याची तार, रस्त्यावर हिसकावलेला मोबाईल किंवा दागिना शेवटी कोणत्या तरी काउंटरवरच विकला जातो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. पण ज्या कृतीला कायदा आज शिक्षा देतो, तिला आपल्या आचार्यांनी शतकानुशतकांपूर्वी व्रताचा दोष म्हटले आहे. बाजारभावाहून फारच स्वस्त, बिलाविना आलेला माल ज्या पेठेत कोणीच घेत नाही, त्या पेठेत चोराला गिऱ्हाईक उरत नाही. वस्तीची सुरक्षितता पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत जितकी असते, तितकीच ती दुकानाच्या खरेदीवहीतही असते.