मार्शल थंडरिंग हर्ड संघाचा १९७१ चा हंगाम

मार्शल थंडरिंग हर्ड संघाचा १९७१ चा हंगाम हा अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथील मार्शल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने विमान अपघातानंतर खेळलेला पहिला हंगाम होय. प्रशिक्षक जॅक लेंग्येल यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने दहापैकी दोन सामने जिंकले व आठ गमावले. बहुसंख्य खेळाडू नवखे असल्याने हा संघ ‘यंग थंडरिंग हर्ड’ या नावाने ओळखला जातो.

पार्श्वभूमी

१४ नोव्हेंबर १९७० रोजी ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धचा सामना १४–१७ असा गमावून संघ परतत असताना, त्याचे विमान हंटिंग्टनच्या विमानतळाजवळील टेकडीवर कोसळले. विमानातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली व त्यांचे सहकारी, संघाचे चाहते आणि विमान कर्मचारी होते. ओळख न पटलेल्या सहा खेळाडूंचे दफन शहरातील स्प्रिंग हिल दफनभूमीत करण्यात आले. विद्यापीठातील फुटबॉल बंद करावा, असाही विचार पुढे आला होता.

संघाची पुनर्बांधणी

मार्च १९७१ मध्ये लेंग्येल यांची नियुक्ती झाली. खेळाडूंच्या निवडीसाठी दौऱ्यावर असल्याने अपघातातून वाचलेले साहाय्यक प्रशिक्षक रेड डॉसन हेही त्यांच्यासोबत राहिले. त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास मनाई होती. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने मार्शलपुरती ही अट शिथिल केली. दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने त्या प्रवासास न गेलेले मोजके खेळाडू, आदल्या वर्षीच्या कनिष्ठ संघातील विद्यार्थी, नवागत आणि इतर खेळांतील खेळाडू यांतून संघ उभा राहिला.

लेंग्येल यांनी ‘व्हीअर’ ही आक्रमणपद्धती स्वीकारली. चेंडू सहकाऱ्याकडे सोपवावा, स्वतःजवळ ठेवावा की बाजूला फेकावा, याचा निर्णय या पद्धतीत क्वार्टरबॅक बचावपटूची हालचाल पाहून धावता धावता घेतो. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ताकदीने अडवावे लागत नसल्याने अंगाने लहान खेळाडूंना ती सोयीची ठरते. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी या पद्धतीच्या चित्रफिती व डावपेचांच्या वह्या मार्शलच्या प्रशिक्षकांना खुल्या केल्या.

हंगाम

१८ सप्टेंबर रोजी पहिल्या सामन्यात मोरहेड स्टेटने मार्शलला २९–६ असे हरवले. २५ सप्टेंबर रोजी फेअरफिल्ड स्टेडियमवर झेवियर विद्यापीठाविरुद्ध हंगामातील पहिला घरचा सामना झाला. मार्शल ९–१३ असा पिछाडीवर असताना अखेरच्या डावात क्वार्टरबॅक रेजी ऑलिव्हरने टेरी गार्डनरकडे छोटा पास दिला. गार्डनरने १३ यार्डांवरील टचडाऊन पूर्ण केले आणि वेळ संपताच मार्शलने सामना १५–१३ असा जिंकला. अपघातानंतरचा हा पहिला विजय होय. पुढे बोलिंग ग्रीनविरुद्ध १२–१० असा दुसरा विजय मिळाला. उर्वरित सामन्यांत मात्र अनुभवी संघांपुढे मार्शलचा निभाव लागला नाही.

महत्त्व

गुणतक्त्यात हा हंगाम अपयशी दिसतो. तथापि विद्यापीठातील फुटबॉलची परंपरा त्यामुळे अखंड राहिली. संघाला पराभवांपेक्षा अधिक विजय देणारा हंगाम १९८४ मध्येच लाभला. त्यानंतर १९९२ व १९९६ मध्ये मार्शलने आपल्या तत्कालीन विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. संघाच्या पुनर्बांधणीवर २००६ मध्ये ‘वी आर मार्शल’ हा चित्रपट निघाला.

विद्यापीठाच्या प्रांगणातील स्मृतिकारंज्याचे लोकार्पण १२ नोव्हेंबर १९७२ रोजी झाले. दरवर्षी १४ नोव्हेंबरच्या स्मृतिसभेत त्याचे पाणी थांबवले जाते आणि वसंत ऋतूत पुन्हा सुरू केले जाते.