फोनवरचा सौदा आणि कोर्टाची पायरी

आपल्या व्यापारी बांधवांत एक समज पक्का बसला आहे. कागद नाही, सही नाही, तर सौदा नाही. फोनवर "हो" म्हटले तरी त्याला कोर्टात किंमत नाही. आमच्या खडकवासल्यात सुरतेच्या साड्या, सोलापूरच्या चादरी, इचलकरंजीचे सुती कापड असा बहुतेक माल फोनवरच ठरतो. दलाल भाव सांगतो, आपण "पाठवा" म्हणतो आणि चार दिवसांनी ट्रान्सपोर्टमध्ये गाठी येऊन पडतात. सगळे सुरळीत असते तोवर कायद्याची आठवण कोणाला होत नाही. भाव पडला आणि एकाने हात वर केले की मग वकील शोधावा लागतो.

करार कायदा १८७२ चा आहे. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने, मोबदल्यासह आणि कायदेशीर कामासाठी इकरार केला की तो करार होतो. काही खास व्यवहार सोडले तर तो लेखीच हवा अशी अट नाही. तोंडी सौदाही सौदाच.

आता दुसरा, जास्त महागात पडणारा गैरसमज. "माल माझ्या गावी, पैसे माझ्या गावी, तर दावाही माझ्याच गावी." यावर आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची एक जिनिंग फॅक्टरी यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा झाला. माल आला नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने तिथल्याच सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगाववाल्यांचे म्हणणे, आम्ही "हो" खामगावातून म्हटले, माल खामगावात द्यायचा, पैसे खामगावात घ्यायचे, मग आम्ही अहमदाबादला का यावे? माल आणि पैशाबद्दलचे त्यांचे म्हणणे कोर्टाने मानले. तरीही ते हरले. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की फोनवर विचारणा करणाऱ्याच्या कानावर जिथे "हो" पडते, तिथे करार होतो. विचारणा अहमदाबादची होती, "हो" अहमदाबादेत ऐकू आले, म्हणून दावा तिथे चालेल.

हेच उत्तर पत्राने गेले असते तर खामगावात पत्र टपालात पडताच करार खामगावात झाला असता! टेलिफोनचा शोध १८७६ चा, म्हणजे कायदा झाला तेव्हा टेलिफोन नव्हताच. तिघांपैकी एक न्यायमूर्ती, नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे १९६८ साली देशाचे सरन्यायाधीश झालेले एम. हिदायतुल्ला, यांचे मत वेगळे होते. कायद्याचे शब्द आहेत तसे वाचले तर करार खामगावात झाला, असे ते म्हणाले. मला त्यांचे म्हणणे जास्त पटते. पण दोघांचा निकाल तो निकाल.

याचा रोजच्या धंद्यात अर्थ काय? आपण सुरतेला फोन करून "शंभर साड्या या भावाने द्या" म्हटले आणि तिकडून "दिल्या" आले, तर "हो" आपल्या कानावर पडले. दावा पुण्यात लावता येतो. उलट सुरतवाल्याने भाव सांगून "घेता का?" विचारले आणि आपण "पाठवा" म्हटले, तर तो आपल्याला सुरतेच्या कोर्टात खेचू शकतो. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावण्याचा हक्क तर नेहमीचाच आहे. पण वीस हजारांच्या मालासाठी दर तारखेला सुरत गाठणे कोणाला परवडते?

व्हॉट्सअॅप आणि ईमेलचे थोडे वेगळे आहे. तुम्ही धरणाच्या चौपाटीवर कणीस खात संदेश पाठवला तरी तो तुमच्या धंद्याच्या ठिकाणाहून गेला असे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० धरतो, वेगळे ठरले नसेल तर. असा इलेक्ट्रॉनिक करार केवळ कागदावर नाही म्हणून बाद होत नाही.

मात्र करार होणे वेगळे आणि तो शाबीत करणे वेगळे. स्क्रीनशॉटची झेरॉक्स घेऊन कोर्टात जाणारे पुष्कळ आहेत. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या दाखल्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. म्हणून जुना फोन विकण्याआधी थांबा, त्यात उधारीचे संदेश असतील.

आणि उधारीबद्दल एक. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत तीन वर्षे. गिऱ्हाईक दर ईदला, दर दिवाळीला फोनवर "देतो, देतो" म्हणत असेल तर त्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. वाढायला मुदतीच्या आत दिलेली लेखी, सहीची कबुली लागते. खातेउतारा पाठवून त्याखाली "बाकी बरोबर आहे" असे लिहून सही घ्या, तारखेसह.