स्केल पाठ, कॉर्डही येतात, मग ब्लूज का वाजत नाही? उत्तर तीनतालात आहे

अंबाजोगाईसारख्या गावात ब्लूज गिटार शिकणाऱ्याचा मास्तर बहुतेक वेळा मोबाइलच असतो. एका व्हिडिओत कॉर्ड, दुसऱ्यात स्केल, तिसऱ्यात ऱ्हिदम. तिन्ही हाताला बसतात, पण बॅकिंग ट्रॅक लावला की बोटं स्केलवर नुसती पळत सुटतात. सूर एकही चुकत नाही, तरी गाणं काही होत नाही.

कारण या तीन गोष्टी वेगवेगळ्या शिकायच्या नसतातच. त्या जोडायला पेटीवाला आणि तबलजी पुरतात, आणि मुकुंदराज-दासोपंतांच्या गावात ते ब्लूज ड्रमरपेक्षा नक्कीच लवकर सापडतील.

आधी ताल. ब्लूजचा सगळ्यात रुळलेला साचा १२ बारचा. एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे एकूण ४८. तीनतालाची बरोब्बर ३ आवर्तनं! ए सुरात वाजवताना पहिलं आवर्तन पूर्ण ए सेव्हन कॉर्डचं. दुसऱ्याच्या समेवर डी सेव्हन येते आणि नवव्या मात्रेला, खालीवर, परत ए सेव्हन. तिसऱ्याच्या समेवर ई सेव्हन, पाचव्या मात्रेला डी सेव्हन, खालीवर पुन्हा ए सेव्हन. (शेवटच्या ४ मात्रांत अनेकदा ई सेव्हन घेतात, पुढच्या फेरीत ढकलायला.) हातावर टाळी-खाली धरता येत असेल, तर बार मोजत बसावं लागत नाही. फरक एवढाच की ब्लूजच्या शफलमध्ये मात्रेचे ३ भाग पडतात. पहिला आणि तिसरा वाजतो, मधला गिळला जातो. तबलजीला ‘तिस्र जातीत धरा’ म्हटलं की पुरे.

गाण्याची रचनाही याच मापाची. पहिल्या आवर्तनात एक ओळ, दुसऱ्यात तीच पुन्हा, तिसऱ्यात तिचं उत्तर. गायक साधारण अर्ध्या आवर्तनात थांबतो आणि उरलेल्यात गिटार बोलते.

आता सूर. इथे सा म्हणजे पांढरी सहा. मायनर पेंटॅटॉनिक स्केलचे स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे हेच स्वर. पण ए सेव्हन कॉर्डमध्ये गंधार शुद्ध आहे. कागदावर ही चूक, कानाला हाच ब्लूज. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला कोमल ग, सहाव्याला शुद्ध. वादक पाचव्या फ्रेटवर तार किंचित ओढतो आणि सूर दोघांच्या मधे ठेवतो. पेटीला हे जमत नाही, गळ्याला जमतं. दोन्ही गंधार घेणारा जोग राग ऐकलेल्याला यात परकं काही वाटणार नाही. जोगाईच्या गावात तर नकोच वाटायला!

खरी जोडणी या गंधारातच होते. डी सेव्हनचे स्वर म, शुद्ध ध, सा आणि कोमल ग. म्हणजे ए सेव्हनवर शुद्धाकडे ओढलेला गंधार दुसऱ्या समेवर कोमलावर उतरला, की मागे कॉर्ड नसतानाही ती बदललेली ऐकू येते. ई सेव्हनवर पंचम धरलेला बरा, कारण तिच्यात गंधार नाही आणि निषादही शुद्ध आहे.

सरावाला बॅकिंग ट्रॅक नको. कुणीतरी तीनतालाच्या टाळ्या द्याव्यात आणि गिटारवर ३ आवर्तनं फक्त दोन गंधार, पंचम आणि सा वाजवावेत. शेजारी बसलेल्या पेटीवाल्याने आधी न सांगता डी सेव्हनच्या जागी म आणि सा दाबले, तर जोडणी झाली.