*ऑइल प्रेशरचा काटा पडला? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा*



पाऊस धरला की चिखलणीची घाई सुरू होते. जुना ट्रॅक्टर सकाळपासून रोटाव्हेटरवर असतो आणि नेमका दुपारी ऑइलच्या मीटरचा काटा खाली येतो, नाहीतर लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग काही जण "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून तशीच पुढे रेटतात. काही जण घाबरून थेट इंजिन खोलायला देतात. पहिल्यात क्रँक जातो, दुसऱ्यात लावणीचे दिवस जातात आणि कधी कधी बिघाड निघतो तो साध्या स्विचचा. म्हणून आज एकच गोष्ट समजून घेऊ: *काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच आजारी आहे, हे आधी ठरवायचं. खोलायचं नंतर.*

*प्रेशर म्हणजे नेमकं काय?*

ऑइल पंप चेंबरमधलं ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगांकडे ढकलतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातल्या बारीक फटीतून ते बाहेर पडतं. त्या फटीतून जाताना ऑइलला जो अडथळा होतो, तोच मीटरवर प्रेशर म्हणून दिसतो. फट वाढली किंवा ऑइल पातळ झालं की प्रेशर उतरतं. ऑइल घट्ट असलं किंवा वाट अडली की चढतं. म्हणून जास्त प्रेशर म्हणजे इंजिन ठणठणीत, असं समजू नका.

चालत्या इंजिनात क्रँक ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर तुटला की धातूला धातू घासतो आणि थोड्याच वेळात बेअरिंग जळतं.

*आकडा किती हवा?*

खरा आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच धरा. पुस्तिका हाताशी नसेल तर मिस्त्री लोकांचा जुना अंदाज असा: गरम इंजिनला दर १००० आरपीएमला किमान १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ किलो. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर निदान दीड किलोच्या आसपास प्रेशर हवं. स्लोवर काटा खाली येणारच, पण शून्याला टेकता कामा नये. काही मीटरवर किलो असतं, काहींवर पीएसआय. १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय.

*दिवा लागला किंवा काटा पडला की*

१) *इंजिन लगेच बंद करा.* "एवढा बांध संपवतो" नको.

२) ट्रॅक्टर सपाट जागी असू द्या. १० मिनिटं थांबून ऑइलची पट्टी बघा. मलंगगडाच्या बाजूच्या चढावर काटा पडतो आणि सपाटीला परत येतो, तर पहिला संशय कमी ऑइलचा. चढावर ऑइल एका बाजूला जातं आणि पंपाची जाळी उघडी पडते.

३) ऑइल खुणेच्या *वर* असेल तर खूश होऊ नका. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्यात फेस होतो आणि काटा थरथरतो. ऑइल न घालताच पातळी वाढली असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी आलंय.

४) पट्टीवरच्या ऑइलचा वास घ्या. जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून थोडा वेळ ठेवा. काळ्या डागाबाहेर फिकट तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय घ्या. फीड पंपाचा फाटलेला पडदा, डिझेल पंपाचं गेलेलं सील किंवा गळका नोझल तपासायला सांगा. नवं ऑइल नंतर, आधी ही गळती बंद.

५) ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी आहे. गरम तव्यावर अगदी छोटा थेंब टाकला की तडतडतं. तोंड लांब ठेवा आणि हे ऑइलच्या डब्याजवळ करू नका.

६) रेडिएटर बघा. चिखल आणि गवताने जाळी बुजली की इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. चिखलणीत हे फार घडतं. इंजिन थंड झाल्यावर जाळी साफ करा आणि पंख्याचा पट्टा ढिला आहे का ते बघा.

*आता मीटरची झडती*

जुन्या ट्रॅक्टरांवर दोन तऱ्हा दिसतात. एकीत बारीक नळीतून ऑइल थेट मीटरपर्यंत येतं. तिथे नळी चेपली आहे का, चोंदली आहे का, सांध्यातून गळते का ते बघा. दुसरीत इंजिनवर स्विच किंवा सेन्सर असतो आणि तिथून वायर डॅशबोर्डला येते.

दिवा असेल तर इंजिन बंद, चावी चालू ठेवा आणि स्विचवरची वायर काढा. दिवा विझायला हवा. वायर काढूनही जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. उंदरांनी वायर कुरतडणं आपल्याकडे नवीन नाही.

वायरवर चालणारा काटा असेल तर वायर काढल्यावर तो एका टोकाला जातो आणि वायर क्षणभर बॉडीला टेकवली की दुसऱ्या टोकाला. तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक. मग उरतात दोनच शक्यता: सेन्सर गेलाय किंवा प्रेशर खरंच कमी आहे.

नवा स्विच घ्यायला जाताना जुना काढून सोबत न्या. आट्यात थोडा फरक असला तरी बसत नाही, बसवलाच तर गळतो.

*खरा पंच: हातातला गेज*

स्विच काढून त्याच भोकात साधा मेकॅनिकल प्रेशर गेज लावायचा. आटे जुळत नसतील तर अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरच्या लेथवाल्याकडून जोड करून घ्या. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक गेज घेतला तरी सगळ्यांचं काम भागेल. मग चार आकडे लिहून ठेवा:

▪️ थंड इंजिन, स्लो
▪️ थंड इंजिन, कामाचा वेग
▪️ अर्धा तास काम केल्यावर, स्लो
▪️ अर्धा तास काम केल्यावर, कामाचा वेग

*आकडे काय सांगतात?*

➡️ *चारही ठीक:* दोष स्विचचा, वायरचा किंवा मीटरचा. इंजिनला हात लावू नका.

➡️ *फक्त गरम स्लोवर कमी, वेग वाढवला की नीट:* ऑइल जुनं, पातळ किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल, नाहीतर झीज सुरू झाली आहे. पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घालून चारही आकडे परत घ्या. सुधारणा झाली तर हंगाम काढा आणि आकड्यांवर नजर ठेवा.

➡️ *गरम इंजिनला स्लोवर आणि वेगातही कमी:* रिलीफ व्हॉल्व्ह, पंप, चेंबरमधली जाळी किंवा बेअरिंग. ट्रॅक्टर कामावर नेऊ नका.

➡️ *काल ठीक, आज एकदम पडलं:* बेअरिंगची झीज सहसा महिनोन्‌महिने हळूहळू होते. प्रेशर एका दिवसात पडलं तर आधी ऑइलची पातळी, फिल्टरचा रबर, फुटलेली नळी, व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा किंवा तुटलेली स्प्रिंग शोधा.

➡️ *प्रेशर नेहमीपेक्षा जास्त:* थंड सकाळी थोडा वेळ जास्त दिसणं ठीक आहे. गरम झाल्यावरही काटा वरच राहिला तर फार घट्ट ऑइल, बंद अवस्थेत अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पुढे चोंदलेली ऑइलची वाट बघा. वाट चोंदली असेल तर मीटरवर प्रेशर छान दिसतं, पण बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही.

*मिस्त्रीला कामाचा क्रम सांगा*

स्वस्तापासून महागाकडे जा: ऑइल आणि फिल्टर, मग रिलीफ व्हॉल्व्ह साफ करणं, मग जाळी आणि पंप, शेवटी बेअरिंग. बऱ्याच ट्रॅक्टरांत ऑइलचा चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो, तो काढायचा तर गाडी आधारावर घ्यावी लागते. म्हणून चार आकडे हातात आल्याशिवाय चेंबर काढू देऊ नका.

जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि उन्हात बघा. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडा. चमकणारे रुपेरी किंवा तांबूस कण दिसले, किंवा इंजिनच्या खालच्या बाजूने ठोका येत असेल, तर मात्र वाट बघू नका. वेळेत बेअरिंग बदलली तर क्रँक वाचू शकतो.

*हे उपाय नकोत*

❌ प्रेशर दिसावं म्हणून मुद्दाम फार घट्ट ऑइल घालणं.
❌ रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर घालणं. काटा वर जातो, फट तशीच राहते.
❌ दिव्याची वायर काढून ठेवणं.
❌ जुना ट्रॅक्टर विकत घेताना फक्त थंड इंजिनचा काटा बघणं. थंड ऑइल घट्ट असतं, म्हणून झिजलेलं इंजिनही चांगलं प्रेशर दाखवतं. अर्धा तास चालवून मगच बघा.

*नदीकाठच्या सभासदांसाठी*

२६ जुलै २००५ चा पाऊस आणि जुलै २०१९ चा पूर आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. उल्हास नदीच्या काठावरचं पंपाचं इंजिन किंवा ट्रॅक्टर पाण्यात गेला असेल तर *स्टार्टर मारू नका.* सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ऑइल आणि डिझेल पूर्ण काढा, फिल्टर बदला, एअर क्लीनर साफ करा, नोझल काढून इंजिन हाताने फिरवा आणि आतलं पाणी बाहेर काढा. नवं ऑइल घालून थोडा वेळ चालवल्यावर तेही बदला. पहिल्यांदा घातलेल्या ऑइलमध्ये उरलेलं पाणी उतरतं.

एक सिलेंडरच्या लहान पंप इंजिनांना बहुतेकदा प्रेशरचा मीटर नसतो. तिथे रोज सकाळी ऑइलची पातळी आणि रंग बघणं हाच तुमचा मीटर.

*आजचं काम:* ट्रॅक्टर ठीक चालत असतानाच चार आकडे घ्या, तारीख आणि तास-मीटरच्या आकड्यासह वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. उद्या काटा हलला तर तुलना करायला तोच आधार. ग्रुपवर अडचण विचारताना मॉडेल, ऑइलचा ग्रेड, ऑइल कधी बदललं आणि हे चार आकडे पाठवा. नुसत्या "प्रेशर कमी आहे" एवढ्यावरून नेमका सल्ला देता येत नाही.

घरी ट्रॅक्टर मुलगा किंवा ड्रायव्हर चालवत असेल तर हा मेसेज त्यालाही पाठवा. काटा पडेल तेव्हा सीटवर तोच असणार.

— यंत्र व अवजारे सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी