राजपुत्राच्या मेजवानीत शेतकरी

बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागलं की पिंपळी येते. या ऊसपट्ट्याचा आणि लंडनच्या राजवाड्याचा काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो जुळला कर्ज आणि दुष्काळापायी.

१२ मे १८७५. बारामती तालुक्यातल्या सुप्यात, भर बाजारच्या दिवशी, कुणब्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला आणि कर्जखतं शोधून शोधून जाळली. हे लोण इंदापूर, शिरूर, नगरपर्यंत गेलं. त्याच साली नोव्हेंबरात व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा, पुढे सातवा एडवर्ड झालेला, मुंबईला उतरला. रोषणाई झाली, राजेरजवाड्यांच्या भेटी झाल्या. त्या थाटामाटात सुप्याची धग कुठून लागायची!

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हा दख्खन दुष्काळात होरपळत होतं. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, गेले ते खादी घालून. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरचं रूप पालटू लागलं.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला मोलाचा दिवस २ मार्च १८८८. राणीचा तिसरा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, तेव्हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याला मेजवानी दिली. जमलेले सगळे शालजोडी, दागदागिने घालून आलेले. जोतीराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात: डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. दारावरच्या पहारेकऱ्यांनी अडवलं. यजमानांनी धावत येऊन आत नेलं, असं चरित्रकार सांगतात. भाषणात जोतीरावांनी ड्यूकला बजावलं की हे दागिने मिरवणारे म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरी प्रजा खेड्यात आहे, ती गरीब आहे, तिला शिक्षण द्या, आणि हे तुमच्या आईच्या कानावर घाला. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाल्याला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. निवेदनं पुष्कळांनी दिली, पण शेतकऱ्याचा वेषच पुरावा म्हणून राजपुत्रापुढे उभा करण्याची हिंमत जोतीरावांचीच.

पुढचा प्रवास झरझर सांगतो. २२ जून १८९७ला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्याच्या गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत गेले. राजाच्या आजारपणामुळे सोहळा ऑगस्टवर गेला. त्याआधीच, २६ जुलैला, महाराजांचा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा कोल्हापुरात निघाला. सोहळ्यापेक्षा हा कागद मोठा ठरला, यात वाद नाही.

एप्रिल २००५ मध्ये राजपुत्र चार्ल्सच्या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी पाहुणे म्हणून गेले. हे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावचे, पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्याच घरातले.